रंग देण्याआधी इंजिनाच्या अंगावरच्या खुणा टिपून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मिरज यार्डात उभ्या असलेल्या एका मालगाडीचे रंगीत छायाचित्र नुकतेच प्रसिद्ध झाले. गाडीच्या तोंडाशी एकामागोमाग जोडलेली दोन डिझेल इंजिने त्यात अगदी स्वच्छ दिसतात. संध्याकाळचे तिरपे ऊन त्यांच्या कुशीवर पडले असल्यामुळे चाकांच्या चौकटी, नळ्या, जाळ्या, पत्र्याचे सांधे अशा एरवी सावलीत दडणाऱ्या गोष्टीही उठून आल्या आहेत. डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. इंजिनाचे इतके बोलके छायाचित्र मराठी वृत्तपत्रात क्वचितच पाहायला मिळते, म्हणून छायाचित्रकाराचे प्रथम मनापासून अभिनंदन करतो.

छायाचित्राखालच्या मजकुरात मात्र तीन चुका राहून गेल्या आहेत. 'एकाच जातीची दोन जुनी इंजिने' असे त्यात म्हटले आहे. पुढच्या इंजिनाच्या नाकाडावर दिसणारी जाळी 'चालकाच्या वातानुकूलन यंत्राची असावी' असा अंदाज केला आहे, आणि क्रमांकाच्या शेवटी असलेले 'आर' हे अक्षर 'राखीव' इंजिनाची खूण असल्याचे सांगितले आहे. या तिन्ही गोष्टी बरोबर नाहीत. एवढेच दुरुस्त करायचे असते तर चार ओळींचे पत्र पुरले असते. परंतु ही इंजिने आता झपाट्याने रुळांवरून उतरत आहेत आणि त्यांच्या अंगावर जे लिहिलेले आहे ते वाचता येणारी माणसेही निवृत्त होत आहेत. त्यामुळे थोड्या विस्ताराने लिहीत आहे. जागेच्या सोयीनुसार आपण हे पत्र दोन भागांत छापले तरी चालेल.

पहिली चूक आधी घेतो, कारण ती सर्वांत सहज होणारी आहे. ही दोन्ही इंजिने रंगाने, उंचीने आणि एकूण बांध्याने सारखी दिसतात. दोघांची केबिन मधल्या भागात, एका टोकाकडे सरकलेली आहे. केबिनच्या एका बाजूला आखूड नाकाड आहे, त्याला शेडमध्ये आम्ही शॉर्ट हुड म्हणतो, आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक लाँग हुड आहे. लाँग हुडच्या आत जनरेटर, मुख्य इंजिन, काँप्रेसर आणि शेवटी रेडिएटर अशी मांडणी असते. दोघांचे मूळही एकच, अमेरिकेतील अल्को कंपनीचा आराखडा. १९६२ पासून अल्कोची २,६०० अश्वशक्तीची इंजिने भारतात येऊ लागली, १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बांधली जाऊ लागली आणि डब्ल्यूडीएम-२ या नावाने ती देशभर पसरली. विशेष म्हणजे खुद्द अल्कोने १९६९ मध्ये इंजिने बांधणे बंद केले, तरी वाराणसीत तिचा आराखडा सुधारत सुधारत पुढे अनेक दशके वापरला गेला.

तेव्हा वरचा भाग पाहून ही दोन इंजिने ओळखू येणार नाहीत. त्यासाठी खाली, चाकांकडे पाहावे लागते. आपल्या छायाचित्रातील पुढच्या इंजिनाच्या एका बोगीची (बोगी म्हणजे येथे डबा नव्हे, इंजिनाखालची चाके धरणारी चौकट) तीन चाके नीट पाहिली, तर त्यांच्यातील दोन अंतरे सारखी नाहीत हे ध्यानात येईल. दोन चाके जवळ आहेत आणि तिसरे थोडे दूर आहे. छापलेल्या चित्रावर पट्टी ठेवली तरी फरक मोजता येतो. ही अल्कोची जुनी 'ट्रायमाउंट' बोगी होय. इंजिनाचे वजन तिच्यावर मधला खिळा आणि बाजूचे दोन आधार अशा तीन ठिकाणी येते, म्हणून तिला हे नाव पडले. मधल्या खिळ्याची आणि चाके फिरवणाऱ्या तीन ट्रॅक्शन मोटारींची जागा एकाच चौकटीत जमवायची असल्यामुळे चाकांची अंतरे विषम झाली. मागच्या इंजिनाची बोगी पाहा. तिचा आकारच निराळा आहे आणि तिच्यावर मोठ्या गुंडाळी स्प्रिंगा स्पष्ट दिसतात. ही मालगाडीच्या कामासाठी घेतलेली जास्त पकडीची बोगी आहे. तिच्या तिन्ही मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या असतात. त्यामुळे ओढ लागताना एखाद्या आसावरचा भार हलका होऊन चाक जागच्या जागी फिरण्याचा धोका कमी होतो. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चढण चढताना याचे महत्त्व काय असते, हे चाकाखाली वाळू सोडत गाडी वर नेलेल्या कोणत्याही लोको पायलटला विचारावे.

म्हणजे पुढचे इंजिन डब्ल्यूडीएम-३ए आहे आणि मागचे डब्ल्यूडीजी-३ए. या अक्षरांचा अर्थ अवघड नाही. डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग (ब्रॉडगेज), डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल अशा दोन्ही कामांचे, जी म्हणजे मालगाडीचे. तीनचा आकडा तीन हजार अश्वशक्तीचा आणि पुढचा ए आणखी शंभरचा, म्हणजे दोघांची ताकद ३,१०० अश्वशक्ती. ताकद सारखी असूनही कामे वेगळी आहेत. मालगाडीचे इंजिन वजनाने जड, सुमारे १२३ टनांचे, आणि त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत. जुने डब्ल्यूडीएम-२ सुमारे ११३ टनांचे आणि ताशी १२० किलोमीटरचे. मालगाडीच्या या जातीचे पहिले इंजिन १९९५ मध्ये आले तेव्हा तिचे नाव डब्ल्यूडीजी-२ होते, ते नंतर बदलले. त्यामुळे जुन्या छायाचित्रात एखाद्या इंजिनावर डब्ल्यूडीजी-२ असे लिहिलेले दिसले, तर ते छायाचित्र कोणत्या काळातले याचा अंदाज तेवढ्यावरूनही बांधता येतो.

आता त्या 'आर' अक्षराविषयी. ते राखीवपणाचे नसून पुनर्बांधणीचे चिन्ह आहे. डिझेल इंजिनाचे आयुष्य सर्वसाधारणपणे ३६ वर्षांचे धरले जाते. त्याच्या मध्यावर, म्हणजे १८ वर्षांच्या सुमारास, ते पतियाळाच्या कारखान्यात जाऊन जवळजवळ नवे होऊन येत असे. हा कारखाना १९८१ मध्ये डिझेलचे सुटे भाग बनवण्यासाठी स्थापन झाला आणि पुढे पुनर्बांधणीचे मोठे केंद्र झाला. अनेक डब्ल्यूडीएम-२ इंजिने २,६०० अश्वशक्तीची म्हणून तेथे गेली आणि ३,१०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३ए होऊन परतली. मूळ क्रमांक तोच ठेवून त्याच्यापुढे फक्त 'आर' लावला जाई. छायाचित्रातील पुढच्या इंजिनाचा क्रमांक १६ ने सुरू होतो. ती मालिका मूळची डब्ल्यूडीएम-२ ची आहे. म्हणजे आपल्या मजकुरात ज्याला 'जुने' म्हटले आहे, त्या इंजिनाने दोन जन्म पाहिले आहेत आणि तो सगळा वृत्तांत त्या एका अक्षरात आहे. उद्या कोणी रंगाऱ्याने ते अक्षर अनवधानाने गाळले, तर कागदपत्रे सापडेपर्यंत त्या इंजिनाचा अर्धा इतिहास हरवलेला राहील.

तिसरी चूक नाकाडावरच्या जाळीची. तिच्याविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण शेडमधील कामात माझा तिच्याशी फार जवळचा संबंध आला. ती वातानुकूलनाची जाळी नव्हे. तिच्या आत डायनॅमिक ब्रेकचे ग्रीड आहेत. इंजिन गाडी ओढत असते तेव्हा जनरेटरची वीज ट्रॅक्शन मोटारींना मिळते आणि त्या चाके फिरवतात. उतारावर हेच उलटे करता येते. चाके मोटारींना फिरवू लागतात, मोटारी स्वतः वीज तयार करू लागतात, आणि ती वीज तयार करण्यात चाकांचा जोर खर्च होऊन गाडी आवरली जाते. ती वीज डिझेल इंजिनात कुठे साठवता येत नाही, म्हणून ती रोधकांच्या पट्ट्यांतून सोडून तिची उष्णता करून टाकतात. त्या पट्ट्या म्हणजे ग्रीड. त्या लालबुंद होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर जोराने वारा घालणारा पंखा असतो, त्याला आम्ही ग्रीड ब्लोअर म्हणतो. या पंख्याची मोटर त्याच ग्रीडमधून वाहणाऱ्या विजेवर चालते, त्यामुळे गाडी जितकी जोराने आवरावी लागेल तितका पंखाही जोराने फिरतो. घाट उतरणाऱ्या गाडीच्या इंजिनातून येणारा तो उंच, भिरभिरणारा आवाज आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. तो बहुतेक वेळा या पंख्याचा असतो.

हे समजल्यावर नाकाडाचे बाह्यरूप निराळे दिसू लागते. जाळीच्या आसपासचा रंग इतर भागापेक्षा निस्तेज आणि करपल्यासारखा का आहे, याचे उत्तर मिळते. ज्या इंजिनाच्या जाळीभोवतीचा रंग सर्वांत जास्त भाजलेला, ते घाटातले इंजिन असे आम्ही शेडमध्ये म्हणत असू आणि नोंदवही उघडल्यावर ते बहुधा खरे निघे. चाकांचे ब्रेक शू आणि चाकांच्या कडा वाचवणारी ही व्यवस्था सपाट मुलखात फारशी लागत नाही. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या ब्रागांझा घाटात मात्र तिच्यावाचून भागत नाही. तेथे ३७ फुटांमागे एक फूट असा उतार आहे. मुरगाव बंदराच्या मालगाड्या तेथे पुढे अनेक इंजिने आणि मागे ढकलायला बँकर लावून चढताना आणि उतरताना मी पाहिल्या आहेत. त्या घाटात अल्कोच्या बरोबरीने नंतर हुबळी शेडची डब्ल्यूडीजी-४ इंजिने आली, आणि मग घाटाचे कामच पुष्कळ बदलले.

डब्ल्यूडीजी-४ चा उल्लेख आलाच आहे, तर धुराड्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण धूर ही इंजिन ओळखण्याची लांबूनही दिसणारी खूण आहे. अल्कोचे धुराडे लाँग हुडवर केबिनच्या जवळ असते, कारण टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र, जनरेटरच्या टोकाला बसवलेला असतो. हा टर्बो केवळ इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो. लोको पायलटने एकदम वरची नॉच, म्हणजे ताकदीची वरची पायरी, घेतली की इंधन लगेच वाढते, पण टर्बो वेग घेईपर्यंत हवा तितकी वाढत नाही आणि अर्धवट जळालेल्या इंधनाचा काळा लोट उठतो. लाँग हुड पुढे करून गाडी चालवताना हा लोट नेमका केबिनच्या काचांवर येतो. डब्ल्यूडीजी-४ हे अमेरिकेतील दुसऱ्या कंपनीच्या, ईएमडीच्या, आराखड्याचे इंजिन. १९९९ मध्ये ती ४,००० अश्वशक्तीची म्हणून प्रथम आली. तिचे इंजिन दोन स्ट्रोकचे असते आणि कमी वेगात तिचा टर्बो गिअरच्या साहाय्याने इंजिनच फिरवते, म्हणून सुरुवातीचा काळा लोट तिच्यात तितका दिसत नाही. मिरजेच्या पादचारी पुलावरून खाली पाहिले तर आणखी एक फरक सहज कळतो. अल्कोच्या टोकाला रेडिएटरचा एकच मोठा पंखा असतो, डब्ल्यूडीजी-४ च्या टोकाला दोन असतात. बिहारमधील मढौरा येथील कारखान्यातून अलीकडे आलेल्या डब्ल्यूडीजी-४जी इंजिनांना तर मागच्या टोकाला छपरासारखे बाहेर आलेले रुंद रेडिएटर असतात. त्यांचा क्रमांक ४९ ने सुरू होतो.

केबिन एकाच बाजूला असल्याचा परिणाम बाह्यरूपावर कसा झाला, हेही जाताजाता सांगतो. लाँग हुड पुढे असताना चालकाला समोरचा सिग्नल नीट दिसत नाही, म्हणून सहायकाला दुसऱ्या बाजूने पाहून सिग्नल पुकारावा लागतो. काही थोड्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचे शॉर्ट हुड बुटके करून केबिनच्या खिडक्या मोठ्या केल्या होत्या. त्यांना इंजिनप्रेमी 'जंबो' म्हणतात. पुढे डब्ल्यूडीजी-४डी सारख्या जातींत दोन्ही टोकांना केबिन आली आणि हा प्रश्न मुळातच सुटला. जंबो आज कोठे उभे असेल तर त्याचे छायाचित्र चारही बाजूंनी घेऊन ठेवण्यासारखे आहे.

छायाचित्रात बफरच्या खाली लोंबणाऱ्या रबरी नळ्याही दिसतात. त्यांतील एकीच्या खालच्या तोटीवर हिरवा रंग आहे आणि दुसरीच्या तोटीवर पांढरा. हिरवी ब्रेक पाइपची आणि पांढरी फीड पाइपची. दोन्हींतून दाबाखालची हवा जाते. एके काळी याच जागी वळ्यावळ्यांची एक जाड नळी असे. ती व्हॅक्यूम ब्रेकची. १९८० च्या दशकात एअर ब्रेकच्या बॉक्स-एन वाघिणी वाढू लागल्या, तशी जुन्या इंजिनांना दोन्ही प्रकारच्या ब्रेकची सोय करून द्यावी लागली, आणि पुढे व्हॅक्यूमची गरज संपल्यावर ती नळी काढून टाकण्यात आली. नळी गेली, पण तिला धरणारा आकडा किंवा बुजवलेले भोक काही इंजिनांवर अजून दिसते. कशासाठी आहे ते कळत नाही असा लोखंडाचा तुकडा इंजिनावर दिसला, तर तो बऱ्याचदा अशाच काढून टाकलेल्या वस्तूचा मागे राहिलेला भाग असतो. हेडलाइटचेही तसेच झाले. जुना मोठा गोल दिवा जाऊन जोडदिवे आले. केबिनच्या वर पिवळा लुकलुकणारा दिवा आहे, तो अपघात झाला किंवा शेजारच्या मार्गात अडथळा आला तर समोरून येणाऱ्या गाडीला थांबवण्यासाठी आहे. काही इंजिनांवर मुख्य धुराड्याखेरीज एक छोटा स्वतंत्र धुराडा दिसतो. तो सहायक इंजिनाचा. गाडी तासन्‌तास थांबलेली असताना मुख्य इंजिन चालू ठेवले तर तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जळते, तेथे या छोट्या इंजिनाला सुमारे ३ लिटर पुरतात, असे रेल्वेने जाहीर केले होते.

एवढे सगळे लिहिण्याचे निमित्त छायाचित्र असले, तरी कारण दुसरे आहे. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण २०२२ च्या मार्चमध्ये पूर्ण झाले. मध्य रेल्वेने २०२३ च्या फेब्रुवारीत औसा रोड ते लातूर रोड हा शेवटचा टप्पा संपवून आपल्या ३,८२५ किलोमीटर रुंद मार्गावर सर्वत्र वीज आणली. हे चांगलेच झाले, त्याविषयी माझी तक्रार नाही. डिझेलच्या धुरात आयुष्य काढलेल्या माणसाला विजेचे महत्त्व कोणी सांगायला नको. पण त्यामुळे अल्को इंजिने एकामागून एक कामातून निघत आहेत आणि भंगाराच्या लिलावात जात आहेत. वाराणसीच्या कारखान्याने तर मालगाडीच्या दोन अल्को इंजिनांना वरच्या तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ बसवून १०,००० अश्वशक्तीचे जोडइंजिन केले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याला वाराणसीत हिरवा झेंडा दाखवण्यात आला. डिझेलचे हुड आणि त्यावर विजेचा पँटोग्राफ असे ते रूप ज्याने पाहिले असेल, त्याला इंजिनाचे बाह्यरूप काळजीपूर्वक नोंदवण्याची गरज वेगळी सांगावी लागणार नाही. अल्को ओळखत नसलेल्या माणसाला ते इंजिन म्हणजे केवळ एक विचित्र आकार वाटेल.

काही इंजिने भंगारातून वाचतात आणि स्थानकासमोर, कारखान्याच्या फाटकाशी किंवा उद्यानात चौथऱ्यावर चढतात. त्यांचे नशीब चांगले असे आपण म्हणतो. मी निवृत्त झाल्यावर असे एक इंजिन पाहायला मुद्दाम दूरच्या गावी गेलो होतो. शेडमध्ये त्याची कितीदा तरी तपासणी मी केली होती. लांबूनच ते मला परके वाटले. जवळ जाऊन पाहतो तर अंगभर चकचकीत नवा रंग होता, क्रमांकापुढचे 'आर' गेले होते आणि शेडचे नाव गेले होते. परळच्या कारखान्यात झालेल्या शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख खालच्या पट्टीवर लिहिलेली असे, तीही रंगाखाली गेली होती. नाकाडाची जाळी सपाट पत्र्याने बंद करून त्यावर फुलांची नक्षी काढली होती. हे करणाऱ्यांचा हेतू सद्भावनेचाच होता, म्हणून त्या ठिकाणाचे नाव येथे लिहीत नाही. मुलांना इंजिन सुंदर दिसावे एवढीच त्यांची इच्छा असणार. परंतु जाळी झाकली की ते इंजिन घाट कसे उतरत होते हे मुलांना सांगण्याची एकमेव जागा झाकली गेली. मी चौथऱ्याभोवती दोनदा फिरलो. बोगी तेवढी ओळखीची राहिली होती, कारण तिला फक्त काळा रंग दिला होता.

म्हणून माझी विनंती आहे की, इंजिन चौथऱ्यावर चढवण्यापूर्वी त्याच्या जुन्या अंगावरची प्रत्येक बाजू, छतासहित, छायाचित्रात घेतली जावी आणि रंगवताना त्यावरील अक्षरे, आकडे व तारखा जशाच्या तशा पुन्हा लिहिल्या जाव्यात. शेजारच्या फलकावर 'रेल्वे इंजिन' एवढेच न लिहिता जात, क्रमांक, बांधणी, पुनर्बांधणी, शेड आणि नाकाडावरची जाळी कशाची हे साध्या मराठीत लिहावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. त्या शेडमधला एखादा निवृत्त मिस्त्री बोलावला तर तो अर्ध्या दिवसात ही सगळी माहिती देईल आणि आनंदाने देईल. लिलावात जाणाऱ्या इंजिनांचे जतन सर्वच बाबतींत शक्य नाही, हे मलाही समजते. तेथे निदान ओढून नेण्याआधी छायाचित्रे घेतली जावीत आणि बिल्डरची, म्हणजे इंजिन बांधणाऱ्या कारखान्याची, पाटी काढून ठेवली जावी.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे इंजिनाचे छायाचित्र छापताना त्याचा क्रमांक वाचता येईल असे ठेवावे आणि छायाचित्राखालच्या ओळींत तो लिहावा. छायाचित्र कापताना बहुधा खालचा भाग कापला जातो. त्यात बोगी जाते, आणि इंजिन कोणते हे सांगणारी सर्वांत खात्रीची खूण तेथेच असते. यावेळी छायाचित्रकाराने बोगी पूर्ण ठेवली, म्हणूनच मला हे पत्र लिहिता आले.

शेवटी, त्याच छायाचित्रात एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मला वाचकांची मदत हवी आहे. मागच्या डब्ल्यूडीजी-३ए च्या लाँग हुडवर, केबिनपासून तिसऱ्या दाराच्या वरच्या कोपऱ्याशी, साधारण हातभर लांबीचा एक चौकोनी पत्रा वेल्डिंग करून बसवलेला दिसतो. त्याच्या कडेने वेल्डिंगची रेघ सरळ आणि सफाईदार आहे, म्हणजे ते घाईतले ठिगळ नव्हे, कोणीतरी विचारपूर्वक केलेले काम आहे. या इंजिनावर पूर्वी एखादी चाचणीची पेटी किंवा वेगळ्या प्रकारची हवेची जाळी बसवली होती का, हे ते ज्या शेडमध्ये होते तेथील जुने सहकारीच सांगू शकतील. त्यांच्यापैकी कोणी हे पत्र वाचले, तर त्यांनी आपल्या दैनिकाकडे दोन ओळी जरूर पाठवाव्यात. माझ्या नोंदवहीत त्या इंजिनाच्या क्रमांकापुढची जागा मी मोकळी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त डिझेल फिटर,
मिरज